बिनटाक्याची सून

रतनबाईच्या तोंडाला लागू नये, हे निरगुडसरातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. म्हणून धाकट्या जावेच्या, हिराच्या सुनेचं मढं पुण्याहून आणून अंगणात उतरवलं, तेव्हा बायका रडायच्या थांबल्या आणि रतनबाईकडे बघू लागल्या. भावकीत थोरली तीच. सवाष्ण गेली की अंघोळीचा पहिला तांब्या तिच्या हातचा.

तिनं तांब्याला हात लावला नाही.

"टाकं कुठं हाईत?" तिनं विचारलं.

हिराची ही सून सुप्रिया कांद्याच्या वाफ्यात कोसळली आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेली. धडधाकट बाई अशी गेली म्हणजे पोस्टमार्टेम आलंच. तिचा नवरा आदेश भिंतीला टेकून म्हणाला, "थोरल्या आई, चिरलंच न्हाई. मशीनमधी घातलं, आतलं समदं फोटूत दिसलं. डोस्क्यात शीर फुटली व्हती."

"फोटू काढून मरण कळतंय व्हय? हिरे, कुणाचा वशिला लावलास?"

"वशिला कसला, आक्का? डागदरच म्हणलं, आता असं बी करत्यात."

आता! त्या एका शब्दानं रतनबाईच्या काळजात तिखट पडलं. तिची सून उज्ज्वला झोपेतच गेली होती, तेव्हा हे 'आता' कुठं मेलं होतं? उज्ज्वला घरी आली ती गोधडीसारखी शिवून, कापडात आवळून. "सोडू नका," गाडीवाल्यानं बजावलं. कापडावरूनच पाणी शिंपडलं. ना हळद अंगाला लागली, ना डोक्याला फणी. हिराचं मेलं सगळंच असं. हिराची म्हैस दुधाची, हिराचा कांदा टिकाऊ, आणि मढंसुद्धा हिराचंच धड!

बायकांनी लुगड्याचा आडोसा धरला. रतनबाईनं तांब्या उचलला तो टाके हुडकायलाच. गळ्यापासून बेंबीपर्यंत बोटं फिरवली. गाठ नाही, दोरा नाही. कानामागं चाचपलं. केस मुळापासून शाबूत.

"न्हाईत," ती पुटपुटली. हिरानं मान हलवली.

मग तिनं हळद लावली, फणी घेतली, गुंता सोडवला आणि घट्ट वेणी घातली. बायका मळवट भरायला पुढं सरकल्या, तर रतनबाईनं ती वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून विंचरायला लागली.

"आक्का, पुरं की. घातली व्हती चांगली. लोकं खोळंबल्यात."

"खोळंबू दे. ती तुझ्या सुनंची व्हती." रतनबाईचा हात थांबला नाही. "ही माझ्या सुनंची."

हिरानं सुप्रियाची मान दोन्ही हातांनी उचलून धरली, म्हणजे वेणी नीट खालपर्यंत जावी.