पार्वताबाईच्या चिंध्या

अमेरिकेत लढाई जुंपली, वऱ्हाडातल्या कापसाला भाव चढला आणि अकोल्याच्या कचेरीतला कापूससाहेब पऱ्हाटीपुढं वाकून झाडं पाहू लागला. त्याला या कामाचा पगार होता. तिवशाजवळची पार्वताबाई वीस वर्षं फुकटच वाकून पाहत होती.

वेचणीच्या आधी ती एकटी शेतात फिरायची. ज्या झाडाची बोंडं टपोरी, बिनकिडकी आणि धागा लांब, त्याला चिंधी बांधायची. त्या झाडांचा कापूस ती स्वतः वेगळा वेचायची, त्यातली सरकी हातानं काढायची आणि पुढच्या साली तेवढीच पेरायची. वेचणाऱ्या बायांना बजावून ठेवलेलं असे, "चिंधीच्या झाडाले हात लावू नका, नजरेसाठी बांधलं हाय." बियाण्याचं सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. नजरेला मात्र सगळ्या भीत. तिचा नवरा खुशालराव, त्यालाही तेच खरं वाटे.

अमरावतीच्या प्रदर्शनात तिचा कापूस पहिला आला. साहेबानं खुशालरावाच्या डोक्यावर लाल रेशमी सरकारी पागोटं चढवलं, त्या वाणाला स्वतःचं नाव दिलं आणि मग विचारलं, असं पीक येतं कसं?

"माही बायको झाडाले चिंध्या बांधते, सायेब. नजर लागत नाई."

साहेब पोट धरून हसला. हसून झाल्यावर त्यानं हुकूम काढला की असल्या खुळचट समजुती शेतीला मारक आहेत, चिंध्या काढून टाकाव्यात.

ऐन वेचणीच्या तोंडावर शिपाई आला आणि एकूण एक चिंधी काढून घेऊन गेला. बायांनी सगळा कापूस एकत्र वेचला. त्या ढिगापुढं बसून पार्वताबाई रडली. तिची वीस वर्षं त्यात मिसळून गेली होती.

"दोन चिंध्यांसाठी काहून रडून राहिली व?" खुशालराव म्हणाला. "पागोटं तं भेटलं ना."

पुढच्या साली पीक हलकं आलं. साहेबानं शेतकऱ्यांच्या आळसावर दोन पानं लिहून वर पाठवली.

पण दुबार पेरणी लागली तर असावं म्हणून जुन्या सरकीचं एक गाडगं पार्वताबाईनं राख घालून जपलं होतं. ते तिनं त्याच साली विहिरीजवळच्या पट्ट्यात पेरलं. वेचणी जवळ आली तसा शिपाईही आला. पट्ट्यातल्या निवडक झाडांवर लाल चिंध्या होत्या. त्यानं हात पुढं केला, कापड ओळखलं आणि हात मागं घेतला. सरकारी पागोट्याच्या चिंध्या काढायचा हुकूम त्याच्याजवळ नव्हता.

खुशालराव बोडक्या डोक्यानं बांधावर उभा होता. "आता अमरावतीले बोलावलं तं म्या काय घालून जाऊ?"

"तसेच जा," गाठ आवळत ती म्हणाली. "बियानं चांगलं निघालं तं सायेब नवं पागोटं देईन तुमाले. थेही कामी येईन."