बाबांचा आवाज आणि एक अपडेट

आमच्या ऑफिसात माझं एक वाक्य कुप्रसिद्ध आहे. कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की मी आधी विचारते, "स्क्रीनवर काय आलं होतं ते वाचलंत का?" समोरचा नकारार्थी मान हलवतो आणि मी त्याच्याकडे अशी बघते, की पुढचे चार दिवस तो माझ्या टेबलाकडे फिरकत नाही. अकरा वर्षं मी लिनक्सचे सर्व्हर सांभाळतेय, तेवढा तोरा चालायचाच.

तर अशी मी, त्या दिवशी सकाळी, एका हाताने केस विंचरता विंचरता बाबांच्या लॅपटॉपवर अपडेट चालवून मोकळी झाले. आज महत्त्वाचा फोन आहे, मशीन कसं ठणठणीत हवं, असा माझा शहाणपणा. मध्ये त्याने काहीतरी विचारलं, मी 'हो' दाबलं. परत काहीतरी विचारलं, परत 'हो'. कंगव्यातले केस काढले आणि चहा टाकायला गेले.

दहा वाजता बाबांनी काहीतरी टाइप केलं, एंटर दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. आवाज आलाच नाही.

दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे बाबांचं स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून बाबा टाइप करतात आणि लॅपटॉप बोलतो. त्या आवाजाची पट्टी, वेग, दोन शब्दांमधली उसंत हे सगळं त्यांनी पंधरा दिवस खपून स्वतः जुळवलं होतं. जरासा खर्जातला, जरासा रेंगाळणारा. बाबा पूर्वी बोलायचे तसा मुळीच नाही, पण आता तोच त्यांचा आवाज.

आणि अकरा वाजता माझ्या आत्याला हृदयाच्या ऑपरेशनसाठी आत नेणार होते, दुसऱ्या शहरात. बाबांना प्रवास झेपत नाही, म्हणून त्याआधी बहीणभावांनी फोनवर बोलायचं ठरलं होतं. लिहून पाठवायची सोय नव्हती, कारण मधुमेहाने आत्याची दृष्टी कधीच गेली आहे. माझ्या मोबाइलवरचं बोलणारं अ‍ॅप एकदा वापरून पाहिलं होतं. त्यातली बाई "मी तुझा भाऊ बोलतोय" म्हणाल्यावर आत्याने "राँग नंबर" म्हणत फोन ठेवून दिला होता. बाबांचं म्हणणं मी वाचून दाखवते म्हटलं, तर बाबांनी जोरजोरात हात हलवून नाही म्हटलं.

"पाच मिनिटं द्या, बाबा," मी म्हटलं. आवाज ऑफिसातलाच लावला.

कोणाच्याही मशीनला हात लावायचा नाही, आपल्या जागेवरून त्यात शिरायचं, ही माझी कामाची सवय. मी माझा लॅपटॉप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मांडला आणि तिथून त्यांच्या मशीनमध्ये शिरले. समोर बाबा आपले टाइप करत बसले. दोन्ही लॅपटॉपच्या पाठी एकमेकींकडे, त्यामुळे ते काय लिहितायत ते मला दिसत नव्हतं, फक्त त्यांच्या बटणांची टकटक ऐकू येत होती.

आधी गाणं लावून पाहिलं. खणखणीत वाजलं. म्हणजे स्पीकर ठीक, साउंडची सेटिंग ठीक. मग सकाळच्या अपडेटची नोंद उघडली. मशीन बिचारं सगळं लिहून ठेवतं. 'पुढील पॅकेजची आता गरज दिसत नाही, काढून टाकू का?' आणि खाली सतरा नावांची यादी. बारावं नाव मराठी आवाजाचं होतं. त्यापुढे माझं 'हो'.

मला घाम फुटला. ऑफिसात एखाद्याने हे केलं असतं, तर मी त्याला सोलून काढलं असतं.

त्या आवाजाचं पॅकेज नेटवरून परत उतरवायला घेतलं. नेमकं आजच नेट रखडत होतं. दहा पंचवीसला आत्येबहिणीचा फोन.

"अगं, लवकर नेतील असं वाटतंय. आई सारखी विचारतेय, बारक्याचा फोन आला का?" अडुसष्ट वर्षांच्या माझ्या बाबांना आत्या अजून बारक्या म्हणते.

"करतोच आहोत. दहा मिनिटं."

"तुझ्या आवाजाला काय झालं?"

"काही नाही गं. ठेव."

पॅकेज बसलं. बाबांनी एंटर दाबलं. शुकशुकाट. टाइप केलेलं बोलून दाखवणारी सर्व्हिस चालू होती, आवाज जागेवर होता, तरी मशीन मिठाची गुळणी धरून बसलेलं. समोरून टकटक चालूच.

"बाबा, जरा थांबता का? डोकं चालत नाहीये माझं!" मी खेकसले. टकटक थांबली. मला स्वतःचीच लाज वाटली. "बरं, करा," मी म्हटलं, आणि ती पुन्हा हळूहळू सुरू झाली.

दहा एकेचाळीस. साधी नावंसुद्धा मी तीन तीनदा चुकवत होते. शेवटी हात मांडीवर ठेवले आणि सकाळची ती नोंद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली, शाळेतल्या पोरासारखं, ओळीवर बोट ठेवून. दुसरा प्रश्न तिथे सापडला. 'तुम्ही बदललेल्या सेटिंगच्या फाइलच्या जागी नवी कोरी बसवू का?' त्यापुढेही माझं 'हो'. पंधरा दिवसांची बाबांची मेहनत त्या फाइलमध्ये होती, कुठला आवाज लावायचा हेसुद्धा.

बाबांना हे कसं सांगायचं, हाच विचार डोक्यात घोळत राहिला. मग पाहिलं तर मशीनने जुनी फाइल शेपटाला 'ओल्ड' लावून शेजारीच ठेवली होती. मी ती परत जागेवर टाकली आणि तेवढ्यात मोबाइल वाजला.

"स्ट्रेचर आलंय," आत्येबहीण म्हणाली. "आईच्या कानाशी धरतेय. बोला."

मी मोबाइल बाबांच्या लॅपटॉपशेजारी ठेवला आणि सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू केली.

"ताई," लॅपटॉप म्हणाला. खर्जातला, रेंगाळणारा. मला रडूच फुटलं. "काही घाबरू नकोस. डॉक्टर हुशार आहेत."

पण बाबांचे हात तर मांडीवर होते.

"छे, हे फार कोरडं वाटतं," लॅपटॉप पुढे म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आवाज बंद असताना बाबांनी एंटर दाबून सोडलेली वाक्यं वाया गेली नव्हती. रांगेत उभी होती, आणि आता एकेक करून बाहेर पडत होती.

"पोरगी घामाघूम झालीय. चूक तिचीच आहे, पण रागावू कसं."

बाबा दचकून बटणं दाबू लागले. मी एका कमांडने ती रांग रिकामी करू शकले असते. पण हात लावला आणि आवाज पुन्हा गेला तर?

"फोन लागला नाही तर सुटलो. काय बोलणार मी तिच्याशी." मग त्यांनी जुळवलेली ती उसंत. "ताई, मला फार भीती वाटते. तू गेलीस तर मला बारक्या म्हणणारं कुणी राहणार नाही."

रांग संपली. बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ऑपरेशनला निघालेल्या बाईला हे ऐकवलं आम्ही, माझ्यामुळे. फोनवर नुसती चाकांची घरघर ऐकू येत होती.

"बारक्या," आत्या म्हणाली. "अरे, मलाही भीती वाटतेय रे. पहाटेपासून जो येतो तो मला धीर देऊन जातो. एकालाही सांगता येईना."

बाबांनी डोळे पुसले आणि एका बोटाने टाइप केलं. "फार?"

"फार."

"मलापण."

"आजी, चला आता, फोन द्या," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

"थांब जरा," आत्या त्याच्यावर खेकसली. "माझा भाऊ बोलतोय."