मेढीनं बुजवलेलं भोक

एकोणनव्वद साली मी जमिनीचा श्वास बाटलीत भरायची नोकरी केली. हसू नका, ओळखपत्र अजून ट्रंकेत आहे. धुळ्याजवळच्या एका गावात ट्रकथांब्याखालची डिझेलची टाकी झिरपली आणि दोन विहिरींच्या पाण्याला वास यायला लागला. तो वास मातीतून कुठवर पोचलाय हे बघायला आम्ही मनगटाएवढी भोकं पाडायचो, पुरुषभर खोल. आत नळी सोडायची आणि पंपानं तिथली हवा बाटलीत ओढायची. एकदा बूच सैल राहिलं, तर जीपचा चालक बन्सीलाल तीन गावं लावण्या म्हणत गेला. त्याला एरवी आरतीसुद्धा येत नसे.

प्रत्येक भोकाला वेगळा परवाना. त्यावर जागामालकाची सही, तलाठ्याचा शिक्का आणि खाली अट: पाणी पिऊन फुगणारी माती व सिमेंट घालून भोक आठ दिवसांत बंद करावे. उघडं राहिलं तर पावसाच्या पाण्याबरोबर घाण थेट खाली जायची. मी रोजंदारीवर होतो. साहेबांनी बजावलं होतं, "गिरधर, चौदा भोकं, बंद केल्याचे चौदा दाखले. एक जरी कमी पडला, तर कायम व्हायचं विसर."

तेरा बंद झाली. चौदावं जीवराम आबांच्या अंगणात. त्याच दिवशी शेजारच्या मळ्यात वांग्याच्या भरताची पार्टी निघाली. भोकात चिंधी कोंबली, उद्या बघू म्हटलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी हाणायला गेलो. भरीत असं जमलं होतं की तो उद्या आठव्या दिवशी उगवला.

माती, सिमेंट घेऊन पोचलो तर चिंधी गायब. भोकात उंबराची हिरवी फांदी उभी, हळदकुंकू लावलेली, आंब्याची पानं बांधलेली. लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ.

"पुष्पाअक्का, हे काय?" मी आबांच्या कारभारणीला विचारलं.

"मेढ शे, भाऊ. परवा ताईबाईनं लगीन शे. आठे आंगनमा बठ्ठा मुरूम, पहार वाकी गयी. तुम्हनं भोक आयतंज व्हतं."

"काढावी लागेल. दुसरीकडे रोवू."

आबा सुपारी कातरत होते. "रोवेल मेढ कोन उपटस रे? तुन्ह्या लगीनमा उपटी व्हती का?"

"माझं लग्न झालेलं नाही, आबा."

"म्हनीसनच आबा इचारी राहिनात," अक्का म्हणाल्या.

ओट्यावर त्यांची लेक ताईबाई बसली होती. ती नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली. माझा हात काही त्या मेढीला लागेना.

दुपारी साहेब आले, सोबत तोताराम तलाठी.

"भोक कुठंय?"

"मेढीखाली, साहेब."

साहेबांनी परवाना वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. अक्कांनी सरबताचा पेला पुढं केला. "साहेब, तुम्हनी माती मेढना आजूबाजू टाका ना. भोक बी बंद, मेढ बी पक्की."

साहेबांनी सरबत संपवलं. मग म्हणाले, "बंद करावे, एवढंच लिहिलंय. आत काय नसावं, ते कुठं लिहिलंय?"

मी सिमेंट आणि माती ओतली, वर पाणी पाजलं. ती फुगली आणि तिनं मेढ अशी धरली की साहेबांनी दोन्ही हातांनी हलवली तरी हलेना. तोतारामनं दाखल्यावर साहित्य लिहिलं: माती, सिमेंट, उंबराची मेढ एक नग. आबांनी सही केली. मी कायम झालो.

पण छापील नमुना करताना कचेरीतल्या टंकलेखकापुढं नेमका तोच दाखला होता; मेढही नमुन्यात छापली गेली. पुढची तीन वर्षं शिरपूरपासून सावद्यापर्यंत प्रत्येक तलाठी आधी विचारायचा, "मेढ आणली का?" जीपवर उंबराचा भारा घेऊन हिंडलो. सावद्याला तर केळीच्या बागेत वाजंत्री उभे होते.

आता तो थांबा नाही, वास नाही, आबा-अक्का नाहीत, बन्सीलालही नाही. मेढ मात्र सिमेंट फोडून फुटली. तिचा उंबर दोघांच्या कवेत मावत नाही. परवाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथं गेलो, तर माहेरी आलेली ताईबाई त्याच झाडाच्या झोक्यावर, केस पांढरे. तिनं एक उंबर फोडून माझ्या नाकाशी धरलं.

"डिझेलना वास येस का, भाऊ?"

मी डोळे मिटून हुंगलं. मला भरताचा आला.