पोचल्याचा निरोप

ताईला आयतं म्हणून काही चालायचं नाही. घरच्या फायली तिनं लांबच्या सर्व्हरवर ठेवल्या आणि त्या कॉम्प्युटरवर साध्या फोल्डरसारख्या दिसाव्यात म्हणून एक प्रोग्राम लिहिला. फाइल माऊसनं ओढली की ती एका विंडोतून दुसरीत नेणारा हमालही तिनं स्वतःच घडवला.

"अगं, सिस्टिममध्ये हेच काम करणारं तयार डेटा ऑब्जेक्ट आहे, ते घे की," ऑफिसातले मामा म्हणाले. सगळे त्यांना मामाच म्हणत. "माल कुणीही नेईल. पण समोरचा उलट निरोप देतो, पोचलं की नाही ते. तो निरोप तुझा हमाल घेईल का?"

"बघते मामा," ताई म्हणाली. आणि कसलं बघतेय!

पुढे आईच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज कायमचा गेला. तेव्हापासून त्या फोल्डरमधल्या एका फाइलला सगळं घर जपायचं. आई दूधवाल्याला झापतेय, एवढंच त्यात होतं. पण आईचा आवाज म्हणून घरात तेवढाच उरला होता.

रविवारी धाकटा भाऊ आला. आवाज आपल्याजवळ सुरक्षित राहील म्हणून त्यानं ती फाइल उचलून आपल्या पेन ड्राइव्हवर हलवली. पेन ड्राइव्ह गच्च भरलेला. 'जमलं नाही' असा निरोप तिकडून आलाही, पण तो घ्यायची सोय ताईनं ठेवलीच नव्हती. हमालानं माल पोचला असं धरलं आणि मूळ फाइल पुसून मोकळा झाला. दुसरी प्रत? ती करायचं ताई रोज उद्यावर ढकलत होती.

दुपारभर बसून तिनं स्वतःचा कोड काढून टाकला, सिस्टिमचं ऑब्जेक्ट बसवलं. भरलेल्या पेन ड्राइव्हवर दुसरी फाइल हलवून पाहिली. ती जागची हलली नाही, पुसलीही गेली नाही. तेव्हा मात्र ताईला रडू आवरेना.

"माझंच चुकलं गं," भाऊ म्हणाला.

"गप रे. तुझा काय दोष त्यात!"

दोघं आईपुढे जाऊन उभी राहिली. ताईनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आईनं ऐकून घेतलं, मोबाइल उचलला आणि टाइप करून पुढे धरला: "बरं झालं. नाकात बोलायचे मी."

भाऊ हसला. ताईही हसली, जीव भांड्यात पडल्यासारखी. आईनं मोबाइल परत घेतला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

"पण मला एकदा ऐकायचा होता. तुम्ही दोघं घरी नसताना."