पाठीवरचा शिक्का

जुन्या बॉक्सरांच्या फोटोंवरच्या सह्या खऱ्या की खोट्या हे सांगणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातही भिंगवाल्याने मान हलवली की विषय संपला. लोक त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे भिंगवाला. दोन्ही त्याला ठाऊक होतं आणि दुसरं जास्त आवडत होतं. बायको म्हणायची, हा माणूस विजेचं बिलसुद्धा आधी उजेडात तिरपं धरून बघतो.

त्याची पद्धत ठरलेली. फोटो आधी जांभळ्या दिव्याखाली धरायचा. नवा कागद तिथे निळसर चमकतो, जुना मुकाट पडून राहतो. मग शाई बघायची. शेवटी सही त्या बॉक्सरच्या फायलीतल्या खात्रीच्या सह्यांशी ताडून बघायची. खरी निघाली तर दाखला. खोटी निघाली तर फोटोच्या पाठीवर 'सही बनावट' असा शिक्का आणि खाली स्वतःची आद्याक्षरं. खोटा माल परत बाजारात येऊ नये म्हणून शिक्क्याची शाई त्याने मुद्दाम न पुसणारी घेतली होती, आणि त्याचा त्याला अंमळ अभिमानच होता.

'हातोडा' या बॉक्सरची फाइल तर त्याच्या जिवाभावाची. तिच्यात सात सह्या होत्या, आणि पहिली त्याच्या स्वतःकडच्या, टेबलासमोर भिंतीला टांगलेल्या हातोड्याच्या फोटोवरची. अकराव्या वर्षी तापाने चार महिने अंथरुणाला खिळला असताना त्याने हातोड्याला पत्र लिहिलं होतं, आणि उलट टपाली हा फोटो आला होता. 'दूध पी. डावा हात खाली पडू देऊ नकोस.' खाली ऐटदार सही, शेवटच्या अक्षराची शेपटी पार नावाखालून मागे आलेली. बाकीच्या सहा सह्या त्याने या एकीवरूनच खऱ्या ठरवल्या होत्या. थेट घरी आलेल्या फोटोवर शंका कोण घेणार?

एका सकाळी हातोड्याची बायको काठी टेकत त्याच्याकडे आली. वय शहाऐंशी. तिने पिशवीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. ओठ फुटलेला हातोडा मोठ्याने हसत होता. खालची सही मात्र सुट्या सुट्या अक्षरांची, काड्या मांडून केल्यासारखी. भिंगवाल्याने फोटो उलटा केला. पाठीवर त्याचाच शिक्का होता.

"अकरा वर्षांपूर्वी जावयाने पाठवला होता तुमच्याकडे, मला न विचारता," ती म्हणाली. "रविवारी क्लबच्या हॉलला ह्यांचं नाव देतायत. हा फोटो दारात लावायचा होता. सेक्रेटरीने मागे बघितलं आणि म्हणाला, बनावट आहे, नको."

भिंगवाल्याने भिंग उचललंसुद्धा नाही. "मावशी, कागद जुना आहे, शाईही जुनी आहे. पण सही त्यांची नाही. त्यांची सही मी झोपेतसुद्धा ओळखेन." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं.

तिने चष्मा सावरून पाहिलं. "ती होय? ती माझी."

"म्हणजे?"

"ह्यांना लिहायला येत नव्हतं हो. पत्रांचे ढीग यायचे. वाचायची मी, उत्तर लिहायची मी, सही ठोकायची मीच. शेपटी आपली शोभेला. मग एका हिवाळ्यात मी ह्यांना नाव लिहायला शिकवलं. जन्मात ही एकच सही केली, माझ्यासाठी. म्हणाले, रिंगमध्येसुद्धा एवढा घाम येत नाही."

तिने त्याचंच पेन उचललं आणि समोरच्या कागदावर सही केली. शेपटी एका झटक्यात मागे आली. आता भिंगवाल्याने भिंग घेतलं. तिसऱ्या अक्षरानंतर पेन उचललं गेलं होतं. सातही सह्यांत ते तिथेच उचललेलं होतं.

त्याच्या दाखल्यांसह हातोड्याचे एकतीस फोटो लोकांच्या भिंतींवर होते.

"हॉलचं राहू द्या," ती म्हणाली. "पण ह्यांची खरी सही एकच, आणि नेमकी तिलाच खोटं ठरवलंत. हे मनात घेऊन मला मरायचं नाही. शिक्का पुसा."

"तो पुसत नाही, मावशी."

वेगळ्या कागदावर गुपचूप दाखला देता आला असता, कुणाला कळलंही नसतं. हा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याची त्याला लाज वाटली. त्याने न पुसणाऱ्या शाईचं पेन घेतलं आणि शिक्क्याखाली लिहिलं: 'वरचा शिक्का ही माझी चूक. ही सही खरी. मी खऱ्या ठरवलेल्या हातोड्याच्या बाकी सर्व सह्या त्यांच्या पत्नीच्या हातच्या.' खाली पूर्ण नाव घातलं.

तिने ते दोनदा वाचलं, शाई वाळू दिली आणि फोटो पिशवीत ठेवला. ती उठली तेव्हा त्याला राहवलं नाही.

"मावशी, ते दूध पी वगैरे... तेही तुम्हीच?" पासष्टीच्या माणसाचा आवाज अकरा वर्षांच्या पोरासारखा निघाला.

ती भिंतीजवळ गेली. "तुमचं पत्र मला आठवत नाही, खोटं कशाला सांगू. अक्षर माझं आहे. पण डावा हात वर ठेवायचं मला कुठून सुचणार? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ते बाजूला उभं राहून सांगायचे आणि मी लिहायची."

ती गेल्यावर त्याने भिंतीवरचा फोटो उतरवला, उलटा केला आणि नियमाप्रमाणे पाठीवर शिक्का मारला. 'सही बनावट.' आद्याक्षरं घातली. मग त्याखाली लिहिलं, 'मजकूर त्यांचाच', आणि फोटो होता तिथेच परत टांगला.