मंजूर हात

समितीने पुतळ्याऐवजी उज्ज्वलालाच मंजुरी दिली. आणि एकदा मंजुरी मिळाली की ब्रह्मदेवालाही त्यात बदल करता येत नाही, हे कोल्हापुरातल्या कुठल्याही मूर्तिकाराला विचारा.

चूक तशी साधीच होती. उज्ज्वला ही मूर्तिकार दिगंबरची धाकटी बहीण. ती स्वतःच्या शरीराचे प्रयोग करायची. मुंबईला, बडोद्याला, बोलावतील तिथे जाऊन ती दालनाच्या मधोमध उभी राहायची आणि लोकांना सांगायची, मला काय करायचं ते करा. लोक बिचारे संकोची. आधी कोणी तिच्या केसांत फूल माळायचं, मग कोणी हळूच चिमटा काढायचं, मग कोणीतरी दोरी घेऊन यायचं. नियम एकच होता: तिने ‘पुरे’ म्हटलं की सगळ्यांनी हात मागे घ्यायचे. उज्ज्वलाने आजवर एकदाही ‘पुरे’ म्हटलं नव्हतं आणि त्याचा तिला चांगलाच तोरा होता.

नवा प्रयोग बसवायला ती भावाच्या कारखान्यात आली होती. तिथे कैलासवासी आबासाहेबांचा मातीचा पुतळा मंजुरीची वाट बघत उभा होता, उजवा हात वर, जनतेला आशीर्वाद देणारा. माती वाळून तडकू नये म्हणून त्याच्यावर ओलं गोणपाट टाकलेलं असायचं. उज्ज्वला त्याच्या शेजारी तसंच ओलं गोणपाट अंगावर घेऊन, तसाच हात वर करून उभी राहायची. माती किती सोसते ते तिला बघायचं होतं.

समिती एरवी कधी वेळेवर येत नाही, पण त्या दिवशी वेळेआधीच आली. दिगंबर नारळ आणायला कोपऱ्यापर्यंत गेला होता. आबासाहेबांचे चिरंजीव धैर्यशीलराव समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी हाताला लागलं ते गोणपाट ओढलं, तर आतून उज्ज्वला निघाली.

“वा!” धैर्यशीलराव म्हणाले. “आबाच.”

सदस्यांनी माना डोलावल्या. दिगंबर नारळ घेऊन दारात पोचला, त्याने बघितलं आणि त्याच्या तोंडून सवयीने “होय साहेब” निघून गेलं. मंजुरीआधी समितीचं म्हणणं खोडायचं नाही, हे या धंद्यात बाप पोराला माती मळायच्या आधी शिकवतो. एकदा पुतळा पास होऊ दे, मग सावकाश सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं.

“गाल जरा भरा,” धैर्यशीलराव म्हणाले.

दिगंबरने मूठभर माती घेतली आणि बहिणीच्या गालावर थापली. माती मुरली आणि गालच झाली. मग कपाळ रुंद करायला सांगितलं, ते झालं. मान जाड करायला सांगितली, तीही झाली. दिगंबर तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत होता. उज्ज्वला मात्र मनातून खूश होती. असा प्रयोग तिला कधी साधला नव्हता, कारण हा प्रयोग आहे हेच बघणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

“आबा कमी बोलायचे. ओठ मिटून टाका.”

दिगंबरने अंगठा ओला करून तिच्या ओठांवरून फिरवला. मध्ये एक रेघ तेवढी उरली. आता ‘पुरे’ म्हणायला आपल्याला तोंडच राहिलं नाही, हे उज्ज्वलाच्या लक्षात आलं.

आबासाहेबांच्या पत्नी, ज्यांना सगळे आईसाहेब म्हणत, एवढा वेळ खुर्चीवर बसून होत्या. त्या उठल्या.

“हात चुकलाय,” त्या म्हणाल्या.

त्यांनी चष्मा काढून मुलाच्या हातात दिला, उज्ज्वलाच्या पुढ्यात आल्या आणि बरोबर हाताखाली मान वर करून उभ्या राहिल्या. “आणि जरा वर घे,” त्या दिगंबरला म्हणाल्या.

“आई, आशीर्वादाचा हात आहे तो.”

“मला ठाऊक हाय कसला हाय. आणि जरा वर.”

दिगंबरने उज्ज्वलाचा हात आणखी वर केला. मग आईसाहेबांनी स्वतः चवड्यांवर उभं राहून तिची बोटं एकमेकांना चिकटवली आणि मनगट किंचित मागे वाकवलं. त्यांचे हात गार होते. “आता बरोबर,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं.

“मंजूर,” धैर्यशीलराव म्हणाले आणि नारळ फुटला.

गाड्या गेल्यावर दिगंबर धावत आला. “उज्जू, गेले सगळे. उतर खाली.”

उज्ज्वलाने पाय उचलून बघितला, तो उचलेना. हाताला भयंकर रग लागली होती, पण हात खाली येईना. दिगंबरने कोरणीने गालावरची माती खरवडली, तर खरवडलेली जागा त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा भरून आली. शेजारच्या मातीच्या आबासाहेबांचा हात मात्र संध्याकाळपर्यंत हळूहळू मांडीवर येऊन टेकला. त्यांना आता कोणी काही धरून ठेवायला सांगितलं नव्हतं. उज्ज्वलाला त्यांचा इतका हेवा वाटला की तिला रडू आलं, पण तेही बाहेर आलं नाही.

पुढे पुतळा धातूत ओतायला ओतारी आले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने तिच्या नडगीवर टिचकी मारली. नडगी घंटेसारखी वाजली.

“दिगंबरशेठ, ह्ये तर वतूनच झालंय की,” तो म्हणाला. “आमास्नी कशाला बोलावलासा?”

दिगंबर रोज सकाळी ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसायचा. “बदल करायचा तर समितीसमोरच करता येतो,” तो सांगायचा. “अनावरणाला समिती असणारच. तिथं बघ मी कसा तोंड उघडतो ते. बाकी ऱ्हाऊ दे, हात तेवढा खाली घ्या म्हणतो.” उज्ज्वलाचा सगळा जीव त्या एका वाक्यावर टांगलेला होता. गाल नकोत, ओठही नकोत. हात एकदा खाली यावा, एवढंच तिला हवं होतं.

कारण हात आता तिचा राहिला नव्हता. तिने जन्मात कोणावर हात उगारला नव्हता. मार खाण्यातच तिचं नाव झालं होतं. पण कोणी हाताखालून गेलं की तळव्याला ऊब यायची, बोटं घट्ट व्हायची. तळव्याला एक गाल ठाऊक होता, लहानसा, सुरकुतलेला. कारखान्यातले कावळे तिच्या डोक्यावर बसत, खांद्यावर बसत. हातावर एकही बसत नसे.

क्रेनने उचलून तिला चौकात आणलं. धैर्यशीलरावांनी दोरी ओढली, पडदा घसरला, टाळ्या झाल्या. मूर्तिकाराचा सत्कार झाला. खांद्यावर शाल आणि दोन्ही हातांत नारळ घेऊन दिगंबर समितीसमोर उभा राहिला.

“साहेब,” तो म्हणाला, “तो हात...”

“काय झालं हाताला?”

दिगंबरने वर बहिणीकडे बघितलं. नंतर समितीकडे बघितलं. सगळे हसत होते.

“होय साहेब,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कलावंत माणूस, भरून आलं असेल, असं लोक आपसात बोलले.

मग सगळे जेवायला गेले. मांडववाल्यांनी खुर्च्या गोळा केल्या, टेम्पो भरला आणि तेही गेले. ऊन तापलं होतं. आईसाहेब एकट्याच मागे राहिल्या होत्या. त्या गुडघ्यांवर हात देत चौथऱ्याच्या पायऱ्या चढल्या.

वर आल्यावर त्यांनी चष्मा काढला, घडी घातली आणि पायरीच्या कडेला ठेवला, फुटणार नाही असा. त्या दिवशीही त्यांनी तो का काढला होता, ते उज्ज्वलाला आता कळलं. आईसाहेबांनी पदर सारखा केला. मग त्या हाताखाली आल्या, गाल वर केला आणि थांबल्या. त्यांना काही घाई नव्हती.

उज्ज्वलाच्या खांद्यातली रग एकदम गेली. कोपर सैल झालं. पुरे, ती मिटलेल्या ओठांच्या आत म्हणाली. पुरे, पुरे. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून तिने हात वर धरून ठेवायचा प्रयत्न केला. हात खाली यायला लागला होता.