बारा कपांचे कान

कपाचा कान बाबांच्या बोटांत राहिला आणि बाकीचा कप चहासकट मांडीवर आला. बाबांनी आधी चष्मा सांभाळला, मग पाय झटकला आणि मग हाक मारली ती आईला नाही, मुलीला.

"अगं, तुझा लेख निसटला बघ."

आई ओलं फडकं घेऊन धावली. तिचा राग नवऱ्यावर निम्मा आणि मुलीवर निम्मा होता. लेख वाचून, बोट ठेवून, ओळीबरहुकूम कप चिकटवला होता यांनी, ती सांगत सुटली. चोवीस तास स्वतः हात लावला नाही आणि मलाही लावू दिला नाही. दहा दिवस त्यातून चहा प्यायला आणि येईल त्याला दाखवला.

मुलगी रसायनशास्त्राची पदवी घेऊन गोंद बनवणाऱ्या एका कंपनीत लागली होती. काम प्रयोगशाळेत नव्हतं, कंपनीच्या ब्लॉगवर लेख लिहायचं होतं. आधीच्या लेखांत गोंदाचे सात फायदे असायचे आणि ते वाचणारे बहुधा सातच असायचे. तिनं मात्र 'तुटलेला कप टाकू नका' असा लेख लिहिला आणि तो चाळीस हजार लोकांनी वाचला. विभागप्रमुखांनी त्याचा आलेख छापून भिंतीवर लावला. सहा महिन्यांची उमेदवारी बारा दिवसांनी, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, संपत होती. नोकरी पक्की करणारं पत्र टाइप होऊन सहीला थांबलंय, असं सगळे म्हणत होते.

त्या लेखात एक वाक्य होतं: 'हा जोड पन्नास किलो वजन सहज पेलतो.' बाबांच्या मांडीवरचा तळहाताएवढा लाल डाग बघताना तिला नेमकं तेच आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेतल्या काकांकडे गेली. काका तीस वर्षं गोंद ओढून तोडत होते. पन्नास किलो हा आकडा कशाचा, असं तिनं विचारलं.

"पोलादाच्या दोन पट्ट्या. कोरड्या. चोवीस तासांनी यंत्रात धरून ओढलेल्या," काका म्हणाले. "तू आकडा मागितलास, मी आकडा दिला. कशाचा ते तू विचारलं नाहीस, पोरी."

ऑफिसात तिला पुरावाबाई म्हणत. कुणी नुसतं आज उकडतंय म्हटलं तरी ही किती अंश ते विचारायची. त्या पुरावाबाईनं कोरड्या पोलादाचा आकडा उचलून चहाच्या कपाच्या फोटोखाली चिकटवला होता. तिचे कान तापले. पण मान खाली घालून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

उपाहारगृहाच्या फडताळात कान तुटलेले बारा कप निघाले. तिनं ते कंपनीच्या गोंदानं चिकटवले, चोवीस तास ठेवले, त्यांवर आकडे घातले आणि खिडकीत मांडले. सहांत रोज तीनदा उकळतं पाणी, सहांत गार. प्रत्येक कप कानाला धरून वीस वेळा उचलायचा, खाली तसराळं ठेवून. येणारेजाणारे टिंगल करत होते, काहीजण पैजाही लावत होते. नवव्या दिवशी, बुधवारी, गार पाण्याचे सहाही कान जागच्या जागी होते. गरम पाण्याच्या सहांपैकी पाच कपांचे कान गळून पडले होते. फक्त चौथा कप तग धरून होता.

तिनं नवा लेख लिहिला. मथळा: 'आमचा गोंद काय चिकटवत नाही'. सुरुवात बाबांच्या मांडीपासून. बाबांनी परवानगी दिली होती, फक्त डावी की उजवी ते लिहायचं नाही या अटीवर. पुढे बारा कप, दिवसवार तक्ता, आणि शेवटी तिची स्वतःची चूक, सरळ शब्दांत. जुना लेख काढून त्याच पत्त्यावर हा टाकावा, अशी चिठ्ठी जोडून तिनं तो मंजुरीला पाठवला.

तो तीनदा परत आला. शुक्रवारी सकाळी तिनं चौथ्यांदा पाठवला, तेव्हा विभागप्रमुखांनी तिला खोलीत बोलावलं. ते चिडले नव्हते, हेच अवघड होतं. त्यांनी समजूत काढली. जुन्या लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ टाकू, गरम पदार्थांसाठी नाही म्हणून, आणि विषय संपवू. ती म्हणाली, हातात तुटका कप धरलेला माणूस तळापर्यंत वाचत नाही.

"ब्लॉग म्हणजे प्रयोगवही नाही," ते म्हणाले. "आपला सगळ्यात चाललेला लेख आहे तो. त्याच्यावर तू स्वतःच बोळा फिरवणार?"

"हो. माझं नाव आहे त्याच्यावर."

"मग नाव काढू. माझं घालू."

"घाला, सर. पण लेखाखाली लेखकाचा फोटो असतो. तोही तुमचाच लागेल."

ती बाहेर गेली आणि चौथा कप चहानं भरून घेऊन आली. बशी नव्हती. तिनं तो त्यांच्यासमोर ठेवला, कान त्यांच्या उजव्या हाताकडे करून. "फोटोत हाच धरा. गरम आहे तोवर एक घोट घ्या."

त्यांनी कपाकडे पाहिलं. मग स्वतःच्या फिकट पँटकडे. हात पुढे केला आणि कान सोडून कपाच्या पोटाला धरला. चटका बसला तशी बोटं मागे घेतली.

"कानाला धरा ना, सर," ती शांतपणे म्हणाली.

त्यांनी धरलं नाही. चहावर साय आली तरी कप तिथंच होता.

दुपारी नवा लेख जुन्या पत्त्यावर चढला. एकही शब्द बदललेला नव्हता. भिंतीवरचा आलेख कुणीतरी काढून नेला होता. संध्याकाळी पत्रही आलं: नोकरी पक्की नाही, उमेदवारी तीन महिन्यांनी वाढवली आहे, लेखनातील भूमिका कंपनीच्या हिताशी सुसंगत असावी. तिनं पत्र दोनदा वाचलं, 'मिळाले' असं लिहून सही केली आणि प्रत ठेवून घेतली.

लेखाखालची पहिली प्रतिक्रिया बाबांची होती. मांडी बरी आहे, कपात आता पेनं ठेवतो.

तीन महिने म्हणजे बारा आठवडे, बारा लेख. तिनं वही उचलली आणि प्रयोगशाळेचं दार ढकललं. काका हातमोजे काढत होते.

"काका, चपलेच्या तळव्यासाठी आपण जो आकडा छापतो," ती म्हणाली, "तो कशाचा आहे?"

काकांनी काढलेले हातमोजे पुन्हा घातले.